प्रश्नावली क्रमांक त्रेचाळीस

बोडीच्या पाळीवर, आंजनाच्या झाडाखाली
दोन रेघा रेंज येते.
पाऊलभर सरकलं की जाते.
सांजेला सगळं गाव पाळीपाळीनं तिथं
हात वर करून उभं.
मी तिथंच सतरंजी टाकली.

छापील पानं, विद्यापीठाचं पत्र,
आणि विषय : नवमाध्यमे व ग्रामीण समाजजीवन.
बकाराम मेश्रामांनी तो दोनदा वाचून घेतला माझ्याकडून.
म्हणाले, "समाजजीवन म्हंजे आमीच न जी?"

वय एकसष्ट. कोतवाल, निवृत्त.
दिवसातून किती तास मोबाइल वापरता?
"मोजून नाही पायलं. लाइन राहते तवर."
मी लिहिलं : अनिश्चित.

दवंडीबद्दल माझ्या पानांत एकही प्रश्न नव्हता.
त्यांनीच सांगितलं, सात ठिकाणी थांबत होतो,
सातवं ठिकाण सयत्राबाईचं दार.
तिला जन्मापासून ऐकू नाही.
डफडं तिच्या चौकटीला टेकवून वाजवायचे.
आतून ती चौकटीवर तळवा ठेवी,
थरथर कळली की बाहेर येई,
मग हातांनी सांगायचं :
लस, मत, मयत, पाणी.
मयतीची खूण मला करून दाखवली.
मी ती कुठं लिहिणार होते?

आता ग्रामपंचायतीचा ग्रुप आहे,
एकशे सत्त्याऐंशी माणसं.
आणि त्याच नावाचा अजून एक.
फोटो दिव्याचा.
"त्यात मी नाही," ते म्हणाले, बोडीकडं बघत.
"आमच्या टोल्यातला कोनीच नाही.
त्यात काय चालते ते सांजेला इथंच समजते,
रेंज त सगळ्याइची एकच हाय न बापा."
प्रश्न बारावा : आपण किती ग्रुपचे सदस्य आहात?
उत्तर : एक.
कितींचे नाही, हे विचारायला
पुण्यात बसून सुचलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात नातीनं, रिशिकानं,
त्यांची दवंडी फोनवर भरून घेतली.
*ऐका होऽ, उद्या नळ येनार नाही,
गुंड भरून ठेवाऽ*
साकोलीच्या कुण्या पोरानं तिच्याखाली डीजे लावला.
अडीच लाख लोकांनी पाहिली.
अडीच लाखांत एकाच्याही घरी
आमचा नळ नव्हता.
एका लग्नात म्हणे वरात नाचली तिच्यावर.
बकारामजींना कुणी तरी मंडपात ओळखलं,
दोनदा जेवायला वाढलं.
"वाईट वाटलं का?" मी विचारलं.
(हा प्रश्नही छापील नव्हता.)
"बुंदी चांगली होती."

सयत्राबाईला भेटायला मी दुसऱ्या दिवशी गेले.
नातवानं, तेजरामनं, माझ्यासमोर ती चित्रफीत लावली,
आवाज पूर्ण मोठा.
तिनं पडदा पाहिलाच नाही.
फोन उलटा केला, पाठीवर तळवा ठेवला,
डोळे मिटले.
डीजेचा धक्का तिच्या बोटांपर्यंत आला असणार,
कारण ती हसली,
उठली,
दार उघडून चौकटीबाहेर पाहू लागली.

गल्लीत एक शेळी होती. वाळवणावर तांदूळ.

तेजराम म्हणाला, "आजी, तो फोनात हाय वो."
ती अजून बाहेरच बघत होती.

मी निरोप धाडला असावा, किंवा रिशिकानं.
बकारामजी आले, चपला दाराबाहेर काढल्या.
डफडं नव्हतं त्यांच्याकडं,
पोटमाळ्यावर उंदरांनी कातडं खाल्लं होतं.
चौकटीवर चार बोटं वाजवली, सवयीनं,
आणि हातांनी सांगितलं :
उद्या. नळ. नाही.

खरं तर नळ सकाळीच येऊन गेला होता,
उद्याही येणार होता.
हे त्यांना माहीत होतं, मलाही.
मी पेनाचं टोपण लावलं.

सयत्राबाईनं मान डोलावली
आणि घरातले सगळे गुंड,
अगदी पोचा पडलेलासुद्धा,
काठोकाठ भरून ठेवले.