नोव्हेंबरचा तक्ता

दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत
माझ्या टेबलावर पाणी येतं,
कोरडं, तीन घड्या घातलेलं.
न्यू मेक्सिकोच्या उत्तर टोकाच्या
एकशे बारा गावांचं पाणी:
तारीख, वेळ, कुठला नळ,
क्लोरीन किती उरलं,
खाली सही.
चव मी घेत नाही. मी रकाने बघते.

चौदा वर्षांत एवढं कळलं
की खरं पाणी एकसारखं वागत नाही.
सोमवारी ०.३, पंप रुसला की ०.२,
टाकी धुतली की दुपारभर ०.९.
पण अलामितो गावाच्या तक्त्यात
एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत
०.४, ०.४, ०.४,
एका पेनानं, एका बैठकीत,
कॉफीच्या कपाचा गोल डाग शेजारी.
संगणक हिरवी खूण करतो.
मला शंका येते.
शंकेला रकाना नाही.

आणि मग ओहो सेको.
एकसष्ट नळजोडण्या, एक विहीर,
एक देल्फिनो आर्चुलेटा,
वय एकाहत्तर, मानधन महिना दोनशे डॉलर,
आकड्यातल्या सातला कंबरपट्टा बांधायची सवय.
त्यांच्या भाषेत झऱ्याला आणि डोळ्याला
एकच शब्द आहे.
ओहो सेको म्हणजे आटलेला झरा.
मी तरी तोच अर्थ धरत आले.

नोव्हेंबर. बारा तारखेपर्यंत आकडे,
वेडेवाकडे, थंडीत लिहिलेले.
तेरापासून तीसपर्यंत काहीच नाही.
खोडलेलं नाही, साधी रेघही नाही.
महिन्याची बाटलीसुद्धा नाही,
जी बर्फाच्या डब्यातून
तीस तासांत प्रयोगशाळेत पोचवायची असते.
‘कारण’ या शब्दापुढे बोटभर जागा.
तिथे लिहिलंय:
अल्बुकर्कीला होतो. इग्नासिया.

मी फोन केला. नियमानं करावाच लागतो.
तुमच्या जागी बदली कोण असतं?
‘माझ्या जागी मीच असतो.’
मग बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला,
मग कुणीतरी तो बंद केला.
‘बाई, आकडे भरता आले असते मला.
०.३च असणार होतं.
पण मी बघितलं नव्हतं ना.’

हिरवी खूण अलामितोला.
उल्लंघन ओहो सेकोला.
पत्रावर सही माझी.

नोटिशीचा मजकूर ठरलेला,
त्यातला शब्द हलवायची मुभा नाही:
या काळात नमुना घेतला गेला नाही.
त्यामुळे तुमच्या पिण्याच्या पाण्याचा दर्जा काय होता
हे आम्हाला खात्रीने सांगता येत नाही.
खात्यानं आजवर लिहिलेल्या सगळ्या वाक्यांत
माझा विश्वास आहे तो या एकावर.

डिसेंबरात त्यानं ती दारोदार नेली,
गुडघाभर बर्फातून, आपल्याच माणसांकडे.
वाटपाचं प्रमाणपत्र पाठवलं तेव्हा
मागच्या बाजूला, कुणी मागितली नसताना,
यादी होती:
लुहान – दारात नव्हता, फटीतून सारली.
कासिल्दा – वाचून दाखवली, चष्मा फुटलाय.
बेनितेस भाऊ – हसले. म्हणाले, तू दिलंस ना, मग चांगलंच असणार.
मी म्हणालो, ते मला माहीत नाही.
शेवटी एकसष्टावं घर, त्याचं स्वतःचं:
फ्रिजला चिकटवली.

मार्चमध्ये मी अलामितोला जाणार आहे,
न कळवता, तपासणीची पेटी घेऊन.
बघू.

तोवर हा डिसेंबरचा तक्ता.
एकतीस ओळी, एकही रिकामी नाही,
०.३, ०.२, ०.३,
नाताळच्या दिवशी सकाळी सहा चाळीसला ०.५.
वर उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत
एवढी वर्षं कुणी वाचत नसलेला आकडा,
हे पाणी पिणारी माणसं:
१४८ खोडून
१४७.

संगणक विचारतो, बदल नोंदवायचा का.
हो किंवा नाही.
मी खुर्ची थोडी मागे सरकवते.