रकाना सतरा

कारण लिहायला दीड ओळ जागा दिलीय.
त्यातली अर्धी टर्लेंनी पेन्सिलीनं आधीच भरलीय:
कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.
"वरून फक्त पेन फिरवा, मॅडम."
सल्लागार म्हणून दर महिन्याला
याचेच तर पैसे घेतात ते.

खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो,
म्हणजे डोंगराचा एक खांदा,
बाकी सगळं शेजारच्या पावडर कोटिंगचं धुराडं.
खाली तीन नंबरचा प्रेस बंद आहे.
टेबलावरचा पाण्याचा पेला
बारा वर्षांत पहिल्यांदा हलत नाहीये.

हिरामण गांगुर्डे. वय एकतीस. गाव मोहाडी, तालुका दिंडोरी.
हात उजवा.
तर्जनी, पूर्ण: चौदा टक्के.
मधलं बोट, दोन पेरं: नऊ टक्के.
कायद्यात असा तक्ता आहे.
मी तो काल रात्री वाचला
स्वतःच्या एकेका बोटावर पेन टेकवत,
आणि मग कणीक मळायला उठले
तर हात परातीत तसाच राहिला.

ईएसआयसीत त्याचं नाव नव्हतं.
ठेकेदार म्हणाला होता, पुढच्या महिन्यात टाकतो.
पुढचा महिना सात वेळा येऊन गेला.

प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो.
दिसत नाही.
हात आत गेला की वरचा घण जागीच थांबतो.
पण तो कशालाही थांबायचा,
ऑइलचा फवारा, बाहीची कड, एखादी माशी,
आणि ताशी सहाशेच पीस निघायचे.
पुण्याच्या पार्टीला नऊशे हवे होते.

मग पॅनेलमध्ये एक तार आली. लाल, करंगळीएवढी.
या टोकातून त्या टोकात.
कुणी लावली ते मी विचारलं नाही,
कुणी सांगितलं नाही,
आणि पीस नऊशे निघू लागले.

खंडेनवमीला पॅनेल उघडलं ते मीच.
झेंडूचं तोरण, नारळ, पेढ्यांचा पुडा,
पोरं नवे शर्ट घालून रांगेत.
मी मीटरला कुंकू लावलं, स्विचला लावलं,
आणि तारेलाही.
बोट तिथं जरासं थांबलं होतं.
हे मला आठवतं.
हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही.

सिडकोच्या दवाखान्यात हिरामण म्हणाला,
"चूक माझीच मॅडम, मीच हात घातला."
पांढऱ्या बोळ्याएवढा हात उशीवर ठेवून
तो मलाच धीर देत होता.
टर्लेंचं वाक्य त्याच्या तोंडून
किती सोपं वाटलं.
त्याची बायको चंद्रकला
पैशांचं काही बोलली नाही.
"विरळणीला कात्री धरता येईल का त्यांना?" एवढंच.
द्राक्षाच्या घडात दोन बोटं घालून
नेमका मणी उडवायचा असतो.
मी म्हणाले, डॉक्टरांना विचारते.
विचारलं नाही.

खोडरबर शाळेतला, मुलाच्या कंपासमधला.
पेन्सिल गेली, पण दाबून लिहिलं होतं,
कागद तिरका धरला की अक्षरं दिसतात.
त्यांच्यावरच लिहितेय:
सुरक्षा सेन्सर तार जोडून बंद केलेला होता.
मालकाला ते माहीत
इथं दीड ओळ संपली.
'होतं' समासात गेलं, उभं.

टर्ले म्हणतील, हे काय करून बसलात.
विमावाले काय म्हणतील ते टर्लेंना विचारावं लागेल.
तार काढून मी ड्रॉवरमध्ये ठेवलीय,
कुंकू अजून आहे तिच्यावर,
स्टेपलरच्या पिनांना लागलंय थोडं.

उद्यापासून ताशी सहाशे.
पुण्याचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा वाजतोय.
उचलते.
पेल्यातलं पाणी तसंच, सपाट.