पाठमोरा प्रवेश

सावईवेऱ्याच्या शाळेत दर रविवारी
बाकं सरकवून आमची तालीम.
पंखा बंद. त्याची घरघर कुष्टाच्या दातांत शिरते.
टाळ्या नकोत, हात हवेत हलवा,
हे फ्लावियानं खडूनं दारावर लिहिलंय.

कुष्टाला सगळ्यांची भाषणं पाठ,
माझ्या खोकल्यासकट.
बोलतो मात्र भिंतीकडे तोंड करून.
आवाज चुन्याला लागून आमच्याकडे येतो,
थोडा गार होऊन.

प्रेमल राजा होणार.
ती... नव्हे, तो. मी अजून चुकते;
तो थांबतो, मी वाक्य परत घेते.
तालीमच ही.

फेटा बांधायला नरसूबाब आले,
तीस वर्षं जत्रेच्या नाटकांतली नायिका.
टाचण्या ओठांत धरून म्हणाले,
पडदा पडला की मला
परत पुरुष व्हावं लागायचं.
आणि फेट्याचा पीळ उगाच दोनदा सोडला.

प्रयोग देवळापुढच्या मांडवात, चारी बाजूंनी उघड्या.
कुष्टा विचारतो, भिंत?
पुठ्ठ्याची करू, म्हटलं.
नको. पुठ्ठा हलतो.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग नरसूबाब उठले,
कुष्टापासून हातभर अंतरावर, डोळे मिटून :
मी उभा राहतो. बोल.