उचलणे

शरणपूरच्या आमच्या चर्चमध्ये गुरुवारी अभ्यास असतो.
सात-आठ माणसं, एक पंखा, नंतर चहा.
ओझरच्या कारखान्यात मी तीस वर्षं फिटर,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चूक धरणारा.
म्हणून पाळकसाहेब म्हणाले,
उन्हवणे, शब्द तुम्ही तपासा.

तेव्हापासून ग्रीक शिकतोय.
मिशनच्या कुण्या मडमेनं मागे ठेवलेला कोश,
शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली.
ओमेगा नाही.
माझ्या वयाला चालतं.

या खेपेला वेलीचा अध्याय होता.
बाप माळी, आपण फाटे, हे शब्बाथ शाळेपासून पाठ.
आणि ज्या फाट्याला फळ नाही?
माळी तो काढून टाकतो, असं आम्ही वाचत आलो.
कोशात त्या क्रियापदापुढे पहिलाच अर्थ: उचलणे.
मग उचलून नेणे. मग दूर करणे.

मी एकटाच हसलो.
मराठीला हे कुणी शिकवायला नको.
आई रडतं पोर उचलते,
घंटागाडी कचरा उचलते,
पोलीस रात्री उचलतात,
मुकादमाची उचल घेतली की माणूस वर्षभर वाकतो
आणि शेवटी चौघं उचलतात.

मग हसू थांबलं.
अबनेर साळवेला मंडळीतून काढलं
तो ठराव माझ्या हातचा.
पंचकमिटीचा सचिव मी, शाई निळी.
कारणे: दारू, वर्गणीतले अकराशे रुपये,
नाताळच्या उपासनेत आरडाओरडा.
आधार: अध्याय पंधरा, वचन दोन.
अक्षर चांगलं आहे माझं. अजून वाचता येतं.

बुधवारी मोहाडीला गेलो, भाच्याच्या बागेत.
गोडी छाटणी चालू होती,
कापल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.
पलीकडे गेल्या वर्षीची लागण,
तिथे सुरगाण्याची मंजुळा भोये, कमरेला कात्री.
मातीत लोळणारी एक काडी
तिनं दोन्ही हातांनी वर घेतली,
सुतळीचा आठ घालून तारेला बांधली, सैल.

ही नाही कापायची?

"पडलीय म्हणून? मातीत राहिली ना,
तिचे डोळे आंधळे होतात. उन्हात घ्यायची."

आणि वर घेऊनही नाहीच फुटली तर?

तिनं शेजारची काडी धरली,
अंगठ्याच्या नखानं साल खरवडली.
आत तपकिरी.
कात्री वाजली.
"मेलेली कोण ठेवतं, बाबा?
पण नख लावल्याबिगर कात्री नाही लावायची."

म्हटलं, हे आमच्या शास्त्रात आहे.
"असंल. मला वाचता येत नाही,"
म्हणत ती पुढच्या वेलीकडे गेली.

रात्री पुन्हा कोश उघडला.
शब्द दोन्हीकडे झुकतो, मोजूनही.
पुढल्याच ओळींत सुक्या फाट्यांची मोळी आहे, आग आहे,
तेही खोडता येत नाही.
पण ठरावाच्या त्या संध्याकाळी आम्ही आठ जण होतो,
वचन सगळ्यांनी उघडलं होतं,
अबनेरच्या खोलीवर एकही जण गेला नव्हता.

गुरुवारी मी म्हणालो, माझं ठरलेलं नाही.
वत्सलाबाई चिडल्या,
अहो, पण मग अर्थ कुठला धरायचा?
चहा आला. पंखा एका पात्यानं अडखळतो,
तो बघायचा राहूनच गेलाय.

शुक्रवारी जेल रोड, तिसरा मजला.
हातात काही नेलं नाही; या दिवसांत द्राक्षंही नसतात.
दार साखळीपुरतं उघडलं.
एक डोळा, पांढरी दाढी.
म्हटलं, मी, उन्हवणे.
तो काही बोलला नाही. दारही लावलं नाही.
त्याच्या आत काही हिरवं आहे का
ते मला त्या फटीतून दिसेना.
तो मात्र बघत राहिला माझ्याकडे,
बराच वेळ,
नख लावल्यासारखा.