डावा स्पीकर

जुने स्पीकर घ्यावेत का, विचारतोस, विटोल्ड,
आणि उत्तर एका शब्दात हवंय.
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
वूफरच्या कडेचा फोम कधी पाहिलेला नसतो:
पंचवीस वर्षांनी नुसतं बोट लागलं
की चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा गळून पडतो.
दोनशे झ्वॉटींची जोडी, पाचशेची दुरुस्ती,
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐक.

फेब्रुवारी. रात्रपाळी संपवून, नर्सच्या बुटांतच,
वुच शहरात, बंद कापडगिरण्यांच्या पलीकडे.
चौथा मजला, लिफ्ट नाही,
हातात भावाची घडीची ट्रॉली,
कोटाच्या आतल्या खिशात साडेतीनशे झ्वॉटी.
दार तेओफिल आजोबांनी उघडलं:
इस्त्रीचा शर्ट, त्यावर टाय,
जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम.

अक्रोडी लाकडाची जोडी, कमरेइतकी उंच,
एकाच्या माथ्यावर कुंडीचा गोल डाग.
जाळी काढली. चार बोटांनी
कोन हलकेच आत दाबला, सोडला:
घासला नाही. कडा रबराच्या, शाबूत.
मनातून खूश झाले, आणि चेहरा पाडला.
घासाघीस करायची तर चेहरा पडलेलाच बरा.

त्यांनी रेकॉर्ड लावली. व्हायोलिन.
उजवीकडे तारेची धार, गजाची खरखर,
वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा;
डावीकडे कुणी रजईखालून बोलावं तसं.
कान जवळ नेला. पुन्हा नेला.
ट्वीटर मुका.
शंभर झ्वॉटी इथेच कमी झाले, मी हिशेब केला.

"डावा कान गेलाय माझा," आजोबा म्हणाले,
"नऊ वर्षं झाली. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात म्हणे.
डॉक्टरकडे नाही गेलो. कळून काय करायचं?
म्हणून विकतोय. एका कानाला जोडी कशाला?"

गप्प राहिले असते तर
अडीचशेत घेऊन उतरले असते.
जिभेच्या टोकावर अडीचशेच होते.
बाहेर आलं ते असं:
"आजोबा, खुर्ची फिरवा."

तोंड भिंतीकडे, पाठ स्पीकरांकडे.
सुई पुन्हा पहिल्या खाचेत.
त्यांनी आधी मान वाकडी केली,
मग उजव्या कानाला हात लावला,
मग डाव्या,
मग टायची गाठ सैल केली.
"म्हणजे हा…" एवढंच.
मी मागून बघत होते
टक्कल हळूहळू लाल होताना.
नऊ वर्षं एकाच बाजूने
म्हातारा होत गेलेला माणूस.

मी स्पीकरची पाठ उघडली. स्क्रू सहा, एक गंजलेला.
आत एक कपॅसिटर, फुगून फुटलेला.
बाजारात अकरा झ्वॉटींना मिळतो.
शनिवारी बाबांची सोल्डरिंगची बंदूक घेऊन परत गेले,
दोन्हींतले बदलले; जोडीत एकट्याचा बदलत नाहीत.
व्हायोलिन दोन्हीकडून आलं, मधोमध उभं राहिलं.
आजोबांनी लिंबू पिळलेला चहा दिला,
खसखशीचा केक कापला,
घसा साफ केला आणि म्हणाले,
"आता सहाशे."

मी हसले. ते हसत नव्हते.
"दुरुस्त आहेत ना आता.
आणि खरं म्हणजे विकायचेच नाहीत.
पण तू विचारलंस, म्हणून सहाशे."

रिकामी ट्रॉलीसुद्धा चार जिने
बरीच खडखडते, विटोल्ड.

तर उत्तर असं: घ्यावेत.
जाताना पेचकस ने, ओळखीची रेकॉर्ड ने,
कोन दाबून बघ, कडा बघ, कान लाव.
फक्त पैसे मोजून होईपर्यंत
विकणाऱ्याची खुर्ची फिरवू नकोस.