आडणा

कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम,
अकरा वर्षं वाढेल तसा वाढू दिलेला,
आणि त्यात जागोजागी, हाडात रुतलेल्या छऱ्यासारखी,
एकच ओळ:
ह्याला आत सोडू का?

ऊसबिलात होती. मळीच्या टँकरपाशी होती.
रजेच्या अर्जातसुद्धा होती, कुणी घातली देव जाणे.

उद्यमनगरात शेडच्या माळ्यावर आमचं ऑफिस,
खाली अत्तारांचा लेथ.
बेअरिंग अडकलं की ते हातोडा घेत नाहीत,
पुलर लावतात, अर्धा आटा फिरवतात,
थांबतात, कान देतात.
मी तसंच केलं. एक ओळ काढायची,
सगळं पुन्हा चालवून बघायचं.
सीझन चालू. काटा अडला असता
तर ट्रॅक्टरांची रांग हायवेला लागली असती.

आठव्या दिवशी हाताला लागलं:
नाव 'बी. ए. मगदूम' असेल, तर विचारू नकोस.

बाहुबली मगदूम, रात्रपाळीचे काटा-क्लार्क.
पुराच्या वर्षी कुणीतरी घाईत लिहिलेलं.
पाणी ओसरलं, ओळ राहिली.

फोन केला. रिटायर होऊन जयसिंगपूरला असतात.
काका, तुमचं नाव काढतेय.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"काढ की. रात्री दोनला उठवायचे मला,
माझ्या नावानं दार उघडतं म्हणून."

बाहेर निघालं ते मुठीएवढं.
त्याला ऊस माहीत नाही, मळी माहीत नाही,
चेअरमन तर नाहीच नाही.
कोण, काय करणार, कशावर, एवढं विचारतं
आणि नियम सापडला नाही तर
नाही म्हणतं.
नाव ठेवलं आडणा.

साहेब म्हणाले, आपल्या दाराचं कुलूप
सगळ्या गावाला खोलून दाखवायचं?
अत्तार वर चहाला आले होते.
"साहेब, कुलपं बाजारात टांगलेलीच असतात की."

मग सोडून दिला. फुकट. कुणीही न्यावा.

तिसऱ्या आठवड्यात, नकाशात शोधावं लागलं अशा गावातून
कुणा अनोळखी बाईची दुरुस्ती आली, दोन ओळींची:
नाव कोरं ठेवलं, तर तुमचं दार उघडतंय.

अकरा वर्षं उघडत होतं.
कोरं नाव घेऊन
आमच्यातलं कुणी दाराशी गेलंच नव्हतं.

दुरुस्ती घेतली. तिच्याखाली एक चाचणी लिहिली:
बी. ए. मगदूम येतात, रात्री दोन वाजता.
त्यांना 'नाही' मिळालं
तरच हिरवा दिवा.