सदतीस अंश

मे महिन्यात अवधानच्या एमआयडीसीत
बाहेर चव्वेचाळीस,
आमच्या इनक्युबेटरात सदतीस.
खुमान पावरा म्हणतो, यांचं बरंय,
धुळ्यात राहून धुळ्याचं ऊन लागत नाही.

पहिल्या दिवशी बांगड्या काढायला लावल्या.
मग घड्याळ. मग टिकली.
वाघुळदे मॅडम म्हणाल्या,
हात हे आपलं सगळ्यात घाण अवजार
आणि दुसरं अवजार आपल्याकडे नाही.
कोपरापर्यंत स्पिरिट. ग्लोव्हजवर पुन्हा स्पिरिट.
आठवडाभर मी नुसतं पाणी
एका नळीतून दुसऱ्या नळीत सोडलं,
पिपेटचं टोक काठाला लागू न देता.
पाणीच ते. तरी मान आखडली.

पेशी आल्या उणे एकशे शहाण्णवमधून,
वाफ सोडत, करंगळीएवढ्या कुपीत.
दोन मिनिटांत वितळवायच्या,
रेंगाळलं की मेल्या.
कुठल्याशा चिनी हॅमस्टरच्या आहेत म्हणे.
तो मरून माझ्या आजीचं वय झालं असेल,
त्याच्या पेशींना अजून कुणी कळवलेलं नाही.

फर्मेंटर मला लवकर कळला.
पाच लिटरचं काचेचं पोट, त्यात विरजण घालायचं,
मॅडम त्याला सीड म्हणतात.
रात्रपाळीत दर अर्ध्या तासाला नमुना, वहीत आकडा.
पहिले दोन तास काहीच हलत नाही:
बदलून आलेला तलाठी आधी गाव बघतो, तसं.
मग एकदम दुप्पट, परत दुप्पट,
फेस वर चढतो, हवा पुरेनाशी होते,
आणि खुमान डोळे मिटून
ढवळणीचा आवाज ऐकत सांगतो, आता भूक लागली.
स्क्रीनवरचा आकडा त्यानंतर घसरतो.
धडगावकडच्या त्याच्या आजाचा कान आहे तो.
मॅडमनी विचारलं, हे वहीत कसं लिहायचं?
कुणालाच सांगता आलं नाही.

घरी कापडण्याला आई विचारते, तू तठे काय करस?
पेशी पाळते.
त्यास्ले खावाले काय देस?
साखर, मीठ, गुलाबी पाणी.
मंग त्या मोठ्या व्हतीस का?
मोठ्या नाही होत. खूप होतात.
ती बिबड्यांची ज्वारी उपसत होती, तीन दिवस भिजलेली.
एक मूठ नाकाशी नेली. बस.
म्हणाली, सकाय.

सातव्या फ्लास्कला तिसऱ्या दिवशी गुलाबी पाणी पिवळं पडलं.
सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या पेशी गोल गोल, घाबरल्यासारख्या,
आणि त्यांच्यामधून काड्या काड्या
वळवळत, बाजारात फिरल्यासारख्या, ऐटीत.
मला दिवस आठवला. तासही.
हुडमध्ये हात होते, झाकण उघडं होतं,
खुमान काहीतरी बोलला आणि मी हसले.
मास्क नाकाखाली घसरलेला.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
ब्लीच ओत, म्हणाल्या, मग ऑटोक्लेव्ह.
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
शिट्टी नाही, पण मला कुकरच आठवला.
वहीत लिही. खोडू नकोस.
तारीख. फ्लास्क सात. गढूळ.
कारण, या शब्दापुढे बराच वेळ पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग लिहिलं: हसले.
त्यांनी वाचलं, खाली सही केली, काही बदललं नाही.

संध्याकाळच्या गाडीत खिडकीपाशी हात मांडीवर ठेवले.
स्पिरिटनं सोललेले, पांढरट, कुणा दुसरीचेच.
घरी सांगितलं, मेल्या.
आईनं एवढंच विचारलं, आंबनं का नासनं?
नासलं.
मंग फेकी दे. भांडं घसी टाक.
आणि ती बिबड्यांच्या पाट्यांकडे वळली,
कारण ऊन उतरायच्या आत त्या उलटायच्या होत्या.

सकाळी मॅडमनी दुसरी कुपी हातात दिली.
दोन मिनिटं. पाण्यात गोल गोल फिरवत
बर्फाचा शेवटचा तुकडा विरघळेपर्यंत.
पलीकडून खुमान बघत होता, भुवया वर करून.
मी वर पाहिलं नाही.
मास्क नाकावर घट्ट होता.